सिस्टरांचा पत्ता

त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. दवाखान्यात तर म्हणतच. पण गल्लीतला किराणावाला, दूधवाला, समोरचा शिंपी, एवढंच काय, सख्ख्या भावाची मुलंसुद्धा त्यांना 'सिस्टरआत्या' म्हणायची. प्रसूतीच्या वॉर्डात त्यांचा जन्म गेला. गावातल्या निम्म्या तरुण पोरांनी जगात आल्यावर पहिला धपाटा खाल्ला तो माझ्या हातचा, असं त्या मोठ्या अभिमानाने सांगत. उंचीने ठेंगण्या, पण आवाज दोन भिंतींपलीकडे जाणारा. कळा सोसणारी एखादी पोर 'मी मरते आता' म्हणून आकांत करायला लागली, की सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "ते नंतर बघू गं, आधी हे काम उरक. माझी बस चुकेल." ती पोर रडता रडता हसायची. बस तर सिस्टरांची रोजच चुकायची.

लग्न त्यांनी केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "रोज एवढं डोळ्यांनी बघितल्यावर कुणाची छाती होईल?" खरं कारण आईचं आजारपण होतं, पण ते त्यांनी कधी उगाळलं नाही. आईच्या माघारी राहतं घर त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या नावावर झालं. भाऊ नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी, त्यामुळे घरात सिस्टर एकट्याच. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे पत्र्याची शेड. घरी आल्यावर वॉर्डातला एक शब्दही त्या तोंडातून काढत नसत. चपलांबरोबर वॉर्डही दाराबाहेर ठेवायचा, ही त्यांची शिस्त.

ती शिस्त मोडली ती एका बाळापायी.

बाई पहिलटकरीण होती. चणीने बारीक, पण मोठी धीराची. दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग बाळाचे ठोके मंदावू लागले. सिस्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर वरच्या मजल्यावर दुसऱ्या बाईचं ऑपरेशन करत होते. तिचाही जीव टांगणीलाच होता. सिस्टरांनी पुन्हा फोन केला, माणूस पिटाळला, शेवटी जिन्याशी जाऊन स्वतः हाका मारल्या. डॉक्टर धावत आले, पण तोवर फार उशीर झाला होता. बाळ आलं ते न रडताच.

अशी बाळं सिस्टरांनी याआधीही पाहिली होती. प्रत्येकाने काळजाचा लचका तोडला होता आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा कामावर उभ्या राहिल्या होत्या. पण या वेळी संध्याकाळी मुख्य अधिकाऱ्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावून घेतलं. "नातेवाइकांशी कुणीही एक अक्षर बोलायचं नाही. जे सांगायचं ते कार्यालय सांगेल," ते म्हणाले. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणी काही बोललं नाही. सिस्टरही गप्प राहिल्या.

खोलीतून बाहेर पडल्या तर व्हरांड्यात बाळाचा बाप उभा. खिडक्यांना काचा बसवायचं काम करणारा माणूस. हातांवर बारीक बारीक चरे, कपड्यांवर पुट्टीचे डाग. कामावरून तसाच धावत आला होता. "सिस्टर, आत काय झालं हो?" त्याने विचारलं.

"डॉक्टर सांगतील," सिस्टर म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

त्या दिवशी त्यांची बस चुकली नाही. अगदी वेळेवर मिळाली. खिडकीशी बसून त्या बाहेर बघत राहिल्या आणि आपण कोणत्या थांब्यावर उतरायचं हेच विसरल्या.

पुढे काही आठवडे गेले. एका संध्याकाळी समोरचा शिंपी दुकान बंद करता करता रस्ता ओलांडून आला. हा शिंपी म्हणजे गल्लीचे डोळे आणि कान; मशीनवर बसल्या बसल्या कुणाच्या घरी कोण आलं, कोण गेलं, सगळं टिपायचा.

"सिस्टर, तुमच्याकडे कुणी पाहुणा यायचाय का? त्या खांबापाशी एक माणूस रोज उभा राहतो. तुमच्या घराकडे बघत. आज मी विचारलं, काय पाहिजे? तर म्हणतो, घर बघतोय. म्हटलं, बाबा, विकायचं नाहीये ते."

सिस्टरांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. विजेच्या खांबाला टेकून त्या बाळाचा बाप, तो काचवाला, उभा होता. हातात काही नाही, तोंडाने काही नाही. नुसता उभा.

दुसऱ्या दिवशीही तो आला. तिसऱ्या दिवशी नव्हता, तर सिस्टरांना जास्तच धास्ती वाटली. आज कुठून येईल? त्या मागच्या बोळाने येऊ-जाऊ लागल्या. पडदे दिवसाही ओढलेले राहू लागले. वॉर्डात ज्या बाईच्या आवाजाने भिंती हलायच्या, ती घरी आल्यावर दिवासुद्धा दबकत लावू लागली. पोलीस चौकीत जाऊन आल्या. तिथला हवालदार सज्जन होता, पण म्हणाला, "बाई, रस्त्यावर उभं राहणं हा काही गुन्हा नाही. त्याने हात लावला का? धमकी दिली का? मग कशावर धरू मी त्याला? पण त्याला तुमचा पत्ता दिला कुणी?"

हाच प्रश्न सिस्टरांनाही खात होता. दवाखाना कुणाचा पत्ता देत नाही. त्यांनी स्वतः कधी कुणाला दिला नव्हता. संशय सगळ्यांवर जाऊ लागला: वॉर्डात काम करणाऱ्या आयाबायांवर, रखवालदारावर, अगदी दूधवाल्यावरही. शेवटी शिंप्यानेच उलगडा केला.

"अहो, त्यात काय एवढं? नगरपालिकेत जायचं, घरपट्टीच्या रजिस्टरात नाव शोधायचं. कुणालाही बघता येतं. माझ्या दुकानाला पट्टी जास्त लावली म्हणून मी नाही का गेल्या वर्षी जाऊन सगळ्या गल्लीचं बघून आलो?"

"सगळ्या गल्लीचं?"

"हो. म्हणजे तुमचंही आलं त्यात," शिंपी जरा ओशाळला. "झाकली मूठ राहिलीय कुणाची आता?"

सिस्टर अर्धी रजा टाकून नगरपालिकेत गेल्या. घरपट्टी विभाग तळमजल्यावर होता. एका कोपऱ्यात टेबलावर लोकांसाठी ठेवलेला कॉम्प्युटर, त्याचा माऊस कुणी पळवू नये म्हणून दोरीने बांधलेला. एक म्हातारे गृहस्थ दोन बोटांनी टकटक करत शेजाऱ्याच्या गच्चीचं मोजमाप शोधत होते आणि मिळालं तसं "बघा, बघा लबाडी!" असं स्वतःशीच म्हणत होते. त्यांचं झाल्यावर सिस्टर बसल्या. आपलं नाव टाकलं. पडद्यावर सगळं आलं: त्यांचं नाव, भावाचं नाव, गल्ली, घर नंबर, किती खोल्या, किती जागा, मागची पत्र्याची शेडसुद्धा. सिस्टरांना एकदम भर रस्त्यात अंगावरचा पदर सरकल्यासारखं झालं.

खिडकीमागच्या कारकूनबाईंना सर्दी झाली होती. रुमाल नाकाला लावून त्या म्हणाल्या, "कुणीही बघू शकतं. कायदाच तसा आहे. आणि बरोबरच आहे ना? तुमच्या घराला किती लावलं, साहेबांच्या मेहुण्याच्या घराला किती लावलं, हे लोकांना कळायला नको? पूर्वी बंद कपाटात असायचं तेव्हा काय काय चालायचं, तुम्हाला माहीत नाही."

"पण माझं नाव बघायला कोण आलं होतं, ते तरी सांगाल?"

"बघणाऱ्याचं नाव आम्ही विचारत नाही. तोही नियमच."

सिस्टरांना हसावं की रडावं कळेना. मग त्या बाईंनाच काय वाटलं कोण जाणे, आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाव झाकता येतं. घराची माहिती राहते, मालकाचं नाव दिसत नाही. साधा अर्ज करायचा. कारणसुद्धा लिहावं लागत नाही."

"हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलंच नाही." कारकूनबाई शिंकल्या. "पण तुमचं घर दोघांच्या नावावर आहे. भावाची सही लागेल."

इथे खरी गोम होती. भावाला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक व्हावं अशी सिस्टरांची इच्छाही नव्हती. संध्याकाळी फोन लावला आणि सगळं आडून आडून सांगायला गेल्या.

"अरे, तुझी एक सही हवी होती. घरपट्टीच्या रजिस्टरातून नाव काढायचंय."

"कुणाचं नाव?"

"आपलं. म्हणजे माझं. म्हणजे दोघांचंही."

"ताई, घरावरून माझं नाव काढायचंय तुला?"

"घरावरून नाही रे, रजिस्टरातून. म्हणजे नुसतं दिसायचं बंद होईल."

"दिसायचं बंद होईल," भावाने सावकाश म्हटलं. मागून वहिनीचा आवाज आला: "काय म्हणतायत?" फोनवर हात ठेवल्याचा खरखराट झाला, मग भाऊ म्हणाला, "रविवारी येतो मी. समोरासमोर बोलू."

आयुष्यभर भावाच्या शिक्षणाला, लग्नाला, वहिनीच्या बाळंतपणांना उभी राहिलेली बहीण. एका वाक्यात ती घर लाटणारी झाली. फोन ठेवून सिस्टर तशाच बसून राहिल्या. 'मुलगा घराण्याचं नाव काढील' असं आई म्हणायची. मुलाने काही काढलं नव्हतं, आणि मुलगी काढायला निघाली तर हे असं.

रविवारी भाऊ आला, वहिनीला घेऊन. चहा झाला. वहिनीची नजर भिंतींवरून फिरत होती, जणू प्रत्येक वीट अजून जागेवर आहे की नाही ते बघत होती. भावाने खिशातून चष्मा काढला. "दे बघू तो अर्ज."

त्याने तो वाचला. मग मागची बाजू पाहिली, तिथे काहीच नव्हतं. "यात तर फक्त नाव लोकांना दाखवू नका, एवढंच आहे."

"मग मी काय सांगत होते?"

"पण कशासाठी? आपण काय चोर आहोत तोंड लपवायला? ताई, खरं सांग. कर्जबिर्ज काढलंयस का कुणाकडून?"

आणि मग सिस्टरांचा बांध फुटला. बाळाचे मंदावलेले ठोके, जिन्यातल्या हाका, मुख्य अधिकाऱ्यांची ताकीद, व्हरांड्यातला बाप, खांबापाशी उभा राहणारा माणूस, सगळं त्या सांगत गेल्या. वहिनी मध्येच उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिची दोन्ही मुलं सिस्टरांच्याच हातावर झाली होती. "एवढं सगळं एकट्या सोसत बसलात?" ती म्हणाली. "आणि आम्ही तुमच्याबद्दल काय काय…"

भाऊ मात्र लाल झाला होता. मघापर्यंत बहिणीवर असलेला राग आता दुसरीकडे वळला होता आणि अशा वळलेल्या रागाला जोर जास्त असतो. "येतो का आजही? येऊ दे. बघतोच त्याला."

तो आला. उन्हं उतरल्यावर खांबाशी येऊन उभा राहिला. सिस्टर 'अरे थांब' म्हणेपर्यंत भाऊ रस्त्यापलीकडे पोचला होता आणि त्याने काचवाल्याची कॉलर धरली होती. "एकट्या बाईमाणसाला छळतोस? लाज नाही वाटत?" शिंपी गळ्यात टेप घेऊन धावला. दोन-चार माणसं जमली. काचवाल्याने हात उगारला नाही की कॉलर सोडवून घेतली नाही. ते बघून भावाचीच पकड ढिली पडली.

"मारायचं तर मारा," काचवाला म्हणाला. "मला सिस्टरांना एक विचारायचंय. रोज ठरवून येतो. दार वाजवायचा धीर होत नाही."

सिस्टर उंबऱ्यात उभ्या होत्या. वॉर्डातल्या इतक्या वर्षांच्या सवयीने त्या माणूस ओळखत होत्या. हा मारायला आलेला माणूस नव्हता. त्या रस्ता ओलांडून आल्या. "पत्ता कुठून मिळाला तुम्हाला?" त्यांनी विचारलं. तोच प्रश्न तोंडी बसला होता.

"नगरपालिकेतून. तुमच्या बिल्ल्यावरचं नाव तेवढं टाकलं, तर घर किती खोल्यांचं, मागे पत्रा आहे इथपर्यंत सगळं दाखवलं. कुणी विचारलं नाही, कशाला पाहिजे म्हणून." तो थांबला. "आणि माझ्या बाळाचं काय झालं ते विचारायला दवाखान्यात गेलो, तर या खिडकीवरून त्या खिडकीवर. म्हणतात, गोपनीय आहे. माझंच बाळ, आणि मलाच गोपनीय."

शिंप्याने गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळली.

"काय विचारायचंय?" सिस्टर म्हणाल्या.

"माझी बायको आता बोलत नाही. घरात सगळे म्हणतात, हिनेच सिस्टरांचं ऐकलं नाही, हिनेच जोर लावला नाही, म्हणून पोर गेलं. आधी ती नाही म्हणायची. आता तिलाही तसंच वाटायला लागलंय." त्याने मान वर केली. "तिची चूक होती का, सिस्टर? एवढंच सांगा. हो असेल तर हो म्हणा."

"ताई, आत चल," भाऊ हळूच म्हणाला. त्यालाही कळलं होतं की आता जे बोललं जाईल ते परत घेता येणार नाही, आणि ऐकायला अख्खी गल्ली उभी आहे.

सिस्टर आत गेल्या नाहीत. "तिची काडीचीही चूक नव्हती," त्या म्हणाल्या, त्यांच्या वॉर्डातल्या मोठ्या आवाजात. "सांगितलेलं सगळं तिने केलं. माझ्या उभ्या नोकरीत इतकी धीराची पोर मी क्वचित पाहिली. ठोके मंदावले तेव्हा मी डॉक्टरांना हाका मारत होते. ते दुसरीचा जीव वाचवत होते, एकच डॉक्टर होता, त्यांना यायला उशीर झाला. तुमच्या घरी ज्यांना ज्यांना शंका असेल त्यांना माझ्याकडे पाठवा."

काचवाला मान हलवत राहिला. मग रस्त्याच्या कडेला तसाच खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडला. भावाला काय करावं ते सुचेना. शेवटी तो त्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि थोड्या वेळापूर्वी ज्या कॉलरला धरलं होतं तिथेच, खांद्यावर, हात ठेवून राहिला.

भिंतीला कान असतात, गल्लीला तर तोंडही असतं. आठवडाभरात दवाखान्यात बातमी पोचली. मुख्य अधिकाऱ्यांनी सिस्टरांना बोलावलं, लेखी खुलासा मागितला, चौकशी लावली. ती संपेपर्यंत त्यांना प्रसूतीच्या वॉर्डातून उचलून कपड्यांच्या खोलीत टाकलं. चादरी मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. डॉक्टर एकदा त्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. तरुण माणूस, डोळ्यांखाली काळं. "तुम्ही खोटं काही बोलला नाहीत," एवढंच म्हणाले आणि गेले. चौकशीत मात्र त्यांनी काय सांगितलं ते सिस्टरांना कधी कळलं नाही. चौकशी अजून चालूच आहे. आता सिस्टरांना कामावरून घरी येताना घसा दुखत नाही, कारण दिवसभर कुणावर ओरडायचंच नसतं. त्यांना ते सोसत नाही.

अर्ज त्यांनी केला. भावाने सही केली, सोमवारपर्यंत थांबून स्वतःच नेऊन दिला. नाव झाकलं गेलं. भीती मात्र तेवढ्याने गेली नाही. दाराशी पावलं वाजली की त्या अजूनही आधी पडद्यामागून बघतात, मग कडी काढतात. कारकूनबाईंचं म्हणणं खोटं होतं असंही त्यांना वाटत नाही. "आपलं झाकलेलं हवं, दुसऱ्याचं उघडं हवं," त्या म्हणतात, "आणि यातलं खरं कोणतं ते मला विचारू नका."

काचवाला पुन्हा आला नाही. त्याची बायको आली, भर दुपारी, एकटी. सिस्टरांना ती ओळखू यायला क्षणभर वेळ लागला, इतकी ती उतरली होती. आत बसवलं, पाणी दिलं. बराच वेळ ती पेला हातात धरून बसली.

"घरी आता कुणी काही म्हणत नाही," ती म्हणाली. मग एकदम विचारलं, "मला दाखवलं नाही कुणी. म्हणाले, नको बघू. तुम्ही नीट पाहिलं होतं ना?"

"पाहिलं होतं."

"कसं होतं?"

सिस्टर खुर्ची ओढून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. "जावळ होतं भरपूर," त्या म्हणाल्या. "काळंभोर, कपाळावर आलेलं. नाक तुझ्यासारखं. बोटं लांब लांब, आणि एक मूठ अशी घट्ट मिटलेली."

तिने आपली मूठ मिटून पाहिली. "अशी?"

"अंगठा आत," सिस्टर म्हणाल्या.